चौदा मीटर खोल

“तेल?”

“न्हाई.”

“पावडर, क्रीम, बाम?”

“न्हाई ओ दादा. रोज त्येच काय इचारतासा?”

“रोज तेच विचारायचं असतं. मोबाईल, घड्याळ, काडेपेटी?”

“काडेपेटी! बिडी वडते व्हय मी?” स्ट्रेचरवर बसलेल्या शालनताई म्हणाल्या आणि आपल्या जावेकडं बघून हसल्या. हसताना उजव्या गालावरची पट्टी ताणली, तशा कळवळल्या. उजवा डोळा पट्टीखाली होता. डावा एकटाच हसत होता.

मला हसू आलं नाही. मला कामाच्या वेळी हसू येत नाही. त्यावरून आमच्या हेमलतेनं जन्मभर ऐकवलंय. “हसा हो जरा, दात काय देवाक वाहिलेत?” असं ती म्हणते. पण मी बावीस वर्षं नौदलात पाणबुड्या होतो, आणि पाण्याखाली हसत बसलेली माणसं मी वर येताना फारशी बघितलेली नाहीत.

मी दत्ताराम कुबल, मूळचा मालवणचा. निवृत्तीनंतर कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात चेंबर चालवायला लागलो. चेंबर म्हणजे माणूस आडवा मावेल अशी जाड पारदर्शक नळी. पेशंटला फळीवर निजवून आत सरकवायचं, दार आवळायचं आणि आत शुद्ध ऑक्सिजन भरत दाब वाढवत न्यायचा, चौदा मीटर खोल पाण्यात असतो तेवढा. दीड तास तिथं ठेवायचं आणि हळूहळू वर आणायचं. आम्ही ‘वर’ आणि ‘खाली’च म्हणतो, नळी जागची हलत नसली तरी. बुडी मारणाऱ्यांच्या रक्तात हवेचे बुडबुडे झाले तर नौदलात हाच उपाय करतात. कोल्हापुरात मी साखरेच्या आजाराच्या न भरणाऱ्या जखमा घेऊन येणारी माणसं आत घालायचो. मग एकवीस साल उजाडलं, कोरोनाची दुसरी लाट आली, आणि तिच्यामागून काळी बुरशी.

शालन वाईंगडे त्यातल्याच. हुपरीच्या, वय पन्नाशीच्या जवळ. कोरोना झाला, औषधांनी साखर भडकली आणि नाकातून बुरशी गालाच्या हाडात शिरली. कान-नाक-घशाच्या आमच्या डॉक्टर शाहीन मुजावर यांनी ऑपरेशन करून कुजलेलं सगळं खरवडून काढलं होतं. इंजेक्शनं चालू होती. तरी बुरशी डोळ्याच्या खोबणीच्या कडेला चिकटून होती.

“कुबल, ही बुरशी मारतात ती इंजेक्शनं आणि माझी सुरी,” मुजावर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “तुमच्या नळीनं काही जादू होणार नाही. ही बुरशी रक्ताच्या वाहिन्या बुजवते आणि त्यापुढचं मांस उपाशी मरतं. दाबानं ऑक्सिजन तिथवर पोचला तर मला थोडी मदत होईल. थोडीच. पण आज मी थोडीसुद्धा सोडणार नाही. दहा बैठका करा. मग स्कॅन. बुरशी मागं हटली तर डोळा ठेवू. पुढं सरकली असेल तर डोळा काढायचा, नाहीतर ती मेंदूत जाईल.”

शालनताई घरी पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करायच्या. एका पैंजणाला तीस-तीस घुंगरं, प्रत्येक ज्वारीच्या दाण्याएवढं. “एका डोळ्यानं हुतंय का बघितलं मी,” त्यांनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. “हात घुंगराच्या पुढं तरी जातोय, न्हाईतर अलीकडं तरी ऱ्हातोय. डोळा गेला तर मी कशाची ओ?”

त्या दिवशी नववी बैठक होती.

“अंगावर कपडा सुती आहे ना? आतलेसुद्धा?” मी जावेला विचारलं. पद्मल तिचं नाव. वॉर्डातून शालनताईंना तीच घेऊन यायची.

“सगळं सुती हाय. मीच घातलंय पडद्यामागं. डोक्याला टोपीबी सुती.”

बायकांना तपासायचं काम आमच्या लोखंडे सिस्टरचं. पण ती स्वतःच कोरोनानं पडून होती, म्हणून पंधरा दिवस ते काम नातेवाईक बायकाच करत होत्या. मी नुसती यादी विचारायचो. ही यादी म्हणजे माझा धर्म होता म्हणा. कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये दाबाखाली ठिणगी पडली तर साधा मोजासुद्धा पेट्रोलसारखा पेटतो. नळीतल्या माणसाला बाहेर काढायला वेळच मिळत नाही. म्हणून केसाला तेल नको, नायलॉन नको, आणि मनगटाला एक तार बांधायची, अंगात साठलेली वीज जमिनीत जावी म्हणून. मी स्वतःसुद्धा आत येताना मोबाईल, घड्याळ, पट्टा सगळं दाराबाहेर ठेवायचो. हेमलतेनं दिलेली कापराची पुरचुंडीसुद्धा तिथल्याच खिळ्याला अडकवायचो.

ती पुरचुंडी आठवते ना? कापूर, ओवा, लवंग फडक्यात बांधायचं आणि दिवसभर हुंगत राहायचं. त्यानं ऑक्सिजन वाढतो म्हणे! मी ऑक्सिजनवर पोट भरणारा माणूस, पण बायकोपुढं काय बोलणार? डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या खिशात एकेक होती. दवाखान्यात देवळासारखा वास यायचा.

शालनताईंना आत सरकवायच्या आधी पद्मलनं मला बाजूला घेतलं. रोजच घ्यायची.

“दादा, आज पुन्ना इचारत हुती भावजींचं. मी सांगितलंय, मास्क लावलाय, बोलता येत न्हाई. तुमीबी…”

“मला माहितेय,” मी म्हटलं.

शालनताईंचे यजमान, भूपाल वाईंगडे, वीस दिवसांपूर्वीच इचलकरंजीच्या कोविड सेंटरमध्ये वारले होते. शालनताईंना सोडून सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. धक्क्यानं साखर वाढली तर बुरशी आणखी पसरेल, स्कॅन होऊ दे, मग सांगू, असं घरच्यांनी ठरवलं होतं. मला ते पटत नव्हतं. पण माझं काम दाब बघायचं होतं.

मी मनगटाला तार बांधली, फळी आत ढकलली, दार आवळलं.

वीस मिनिटांत आम्ही चौदा मीटरवर पोचलो. कान मोकळे झाले का, दुखतंय का, सगळं विचारून झालं. मी काट्यांसमोर बसून नोंदी करत होतो. पद्मल दाराच्या काचेपलीकडं बाकड्यावर बसली होती.

एवढ्यात स्पीकर खरखरला.

“दादा! ओ कुबलदादा! वास याय लागलाय!”

नळीतून ‘वास’ हा शब्द आला की आमच्या धंद्यातल्या माणसाचं रक्त गोठतं. माझा हात आपोआप लाल झडपेवर गेला.

“कसला? जळल्याचा?”

“न्हाई ओ! कापराचा! नाक मेलं हुतं माझं दीड म्हैना. आत्ता याय लागलाय बगा वास, झ्याक!”

मी खुर्चीवरून उठलो आणि वाकून नळीत बघितलं. टोपी कानामागून सरकली होती. अंबाडा सुटला होता. अंबाड्यात खुपसून आणलेली बोराएवढी पुरचुंडी दोन्ही तळहातांत धरून बाई ती चराचरा चोळत होती, कापूर गरम व्हावा म्हणून, आणि नाकाला लावत होती. पुरचुंडी चकाकत होती. चकाकत होती म्हणजे नायलॉन. नायलॉनमध्ये कापूर, कापराभोवती शुद्ध ऑक्सिजन, आणि ती चोळत होती.

देवा रे रवळनाथा, मी मनात म्हणालो.

ओरडलो असतो तर ती दचकली असती. दचकली असती तर पुरचुंडी घासली गेली असती.

“अरे वा,” मी माईकमध्ये म्हणालो. माझा तो आवाज मीच कधी ऐकला नव्हता. “शालनताई, फार छान झालं. आता एक करा. हात आहेत तिथंच थांबवा. चोळू नका.”

“का?”

“मॅडमना सांगायचंय, न चोळता वास येतो का. हळूच ती छातीवर ठेवा. हं. आता हात बाजूला. तळवे वर. आता बोटसुद्धा हलवायचं नाही.”

तिनं ठेवली. पांढऱ्या सुती झग्यावर ती निळी पुरचुंडी श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागली.

आता प्रश्न वर आणायचा होता. आमच्याकडं लाल झडप आहे. ती उघडली की दोन मिनिटांत माणूस बाहेर. पण कोरोनानं खाल्लेली फुप्फुसं, एवढ्या वेगानं दाब उतरला आणि भीतीनं तिनं श्वास रोखून धरला, तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटतं. नेहमीच्या संथ गतीनं बारा मिनिटं. बारा मिनिटं ती पुरचुंडी आत ठेवायची माझी छाती नव्हती. मी मधलं धरलं, सहा मिनिटं. चुकलं असतं तर दोन्हीकडून चुकलं असतं.

“आज जरा लवकर वर येतोय आपण,” मी म्हटलं. “श्वास रोखायचा नाही. त्यासाठी माझ्याशी बोलत राहायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. सांगा, पुरचुंडी कुणी दिली?”

“ह्यांनीच की.” ती खुशीत होती. “मला दवाखान्यात आणलं तवा घरात बाईमाणूस कोण न्हवतं. पद्मल म्हायेरी हुती. ह्यांनी स्वता सैपाकघरात जाऊन केली, कापूर, ओवा, लवंग घालून. माझ्या निळ्या साडीचा तुकडा फाडला त्याला. नवी साडी ओ! सैपाकघरात कदी पाय टाकला न्हाई माणसानं. मला म्हणाले, शालन, ज्या दिशी ह्येचा वास ईल त्या दिशी तू बरी झालीस. मला कळव, मी न्यायला येतो.”

काटा अकरा मीटरवर आला.

“मग? पुढं बोला.”

“पुडं काय, रोज हुंगते. रोज काय येत न्हाई. आज म्हटलं, आत एवढा आक्सिजन हाय, आत हुंगून बगावं. पद्मलच्या नकळत घातली अंबाड्यात. तुमी रागवू नका.”

“नाही रागवत.”

“दादा, ह्यास्नी फोन लावा की. सांगा वास आला म्हून.”

नऊ मीटर.

“वर आलात की लावू.”

“आत्ताच लावा ओ. पद्मलला सांगा. पद्मल कुटं हाय?” आणि ती मान वळवून दाराकडं बघायला लागली. खांदा उचलला. पुरचुंडी छातीवरून घसरून बगलेत गेली, फळी आणि झगा यांच्या मधोमध.

“हलू नका!” माझा आवाज चढलाच. लगेच खाली आणला. “लावलाय. पद्मलताईंनी लावलाय फोन. रिंग वाजतेय.”

ती थांबली. डावा डोळा छताकडं लावून निपचित पडली.

“उचलला?”

सात मीटर.

“उचलला.”

“काय म्हणाले?”

काटा माझ्याकडं बघत होता.

“आनंद झाला त्यांना,” मी म्हणालो. “म्हणाले, शालनला सांगा, गप पडून राहा.”

“असंच बोलत्यात,” ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. मी तिला घुंगरं मोजायला लावली, एक, दोन, तीन, मोठ्यानं. एकशेचौदाव्या घुंगराला काटा शून्यावर आला. मी दार उघडलं, फळी ओढली, तिच्या बगलेतून ती पुरचुंडी हिसकावली आणि धावत जाऊन व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली अंगणात भिरकावली.

संकट टळलं की माझं तोंड सुटतं. हा माझा जुना दोष आहे.

“अक्कल आहे का तुम्हाला?” मी परत येऊन ओरडलो. पद्मल आत धावत आली होती. “रोज विचारतो ते काय भजन म्हणून विचारतो? एक ठिणगी पडली असती तर राख भरायलासुद्धा काही उरलं नसतं! तुम्ही, मी, हा मजला, सगळं!”

“ह्यांनी दिली हुती…” ती फळीवर उठून बसली होती. पुरती भेदरलेली.

“त्यांनी दिली म्हणून काय झालं? अहो, ते जाऊन वीस दिवस झाले! तुम्हालाही त्यांच्या मागं जायचंय?”

तोंडातून गेलं. शब्द गेल्यावर मला ऐकू आला.

पद्मलनं दोन्ही हात तोंडावर धरले. शालनताई माझ्याकडं बघत राहिल्या.

“आत्ता तर म्हणालासा,” त्या सावकाश म्हणाल्या, “आनंद झाला त्यास्नी.”

पद्मलच भानावर आली. “तुमच्या जिभंला हाड हाय का न्हाई?” ती माझ्या छातीवर बुक्क्या मारत म्हणाली. “आमी वीस दिस पोटात ठेवलं आनि तुमी असं सांगितलं?” मी मार खाल्ला. शालनताई रडल्या नाहीत. फळीवरून स्वतःच उतरल्या आणि भिंतीला धरून वॉर्डाकडं चालायला लागल्या.

मुजावर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पुरचुंडी आत गेली कशी?”

“पेशंटनं लपवून नेली,” मी म्हणालो. रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं. ‘रुग्णाने मनाई असलेली वस्तू केसांत लपवून नेली.’ खाली सही केली.

“सकाळपासून ती पाणीसुद्धा पीत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “साखर वर गेलीय. उद्या दहावी बैठक. ती यायला नाही म्हणाली तर मी तिला ओढून आणू शकत नाही. आणि उपचार सोडून ती घरी निघून गेली, तर डोळ्याचं सोडा, कुबल, बाई जाईल. समजतंय ना?”

समजत होतं. ड्युटी संपल्यावर मी अंगणात उतरलो आणि कर्दळीच्या वाफ्यात वाकून वाकून ती निळी पुरचुंडी शोधली. मिळाली. वर आणून खिळ्याला लावली, माझ्या पुरचुंडीशेजारी. घरी हेमलतेनं पोळी वाढली, ती तशीच राहिली. “काय झालां?” तिनं दोनदा विचारलं. शिरा पडली माझ्या तोंडावर, म्हटलं, आणखी काय होणार?

दुसऱ्या दिवशी साडेनवाची वेळ होती. मी चेंबर तयार करून बसलो. पावणेदहा झाले. दहा झाले. पुढच्या पेशंटचा वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला. मी त्याला हाकलला.

सव्वादहाला त्या आल्या. स्ट्रेचर नव्हता. पद्मलचा हात धरून चालत आल्या. झगा सुती, डोक्याला टोपी. दारातल्या स्टुलावर बसल्या आणि डावा डोळा माझ्यावर रोखला.

“इचारा,” त्या म्हणाल्या.

“तेल?”

“न्हाई.”

“पावडर, क्रीम, बाम?”

“न्हाई.”

“मोबाईल, घड्याळ, काडेपेटी?”

“न्हाई.”

“कापूर?” मी विचारलं. यादीत तोवर कापूर नव्हता. नौदलानं केलेली यादी. तिथं कोण कापूर घेऊन बुडी मारतो?

त्यांनी टोपी काढली. केस मोकळे सोडून झटकले. झग्याच्या बाह्या झटकल्या. दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढं धरले.

“माजी झडती झाली,” त्या म्हणाल्या. “आता तुमची द्या. सगळ्यांनी लपवलं माज्यापास्नं. तुमच्या तोंडातनं एकदाच खरं निगालं, त्येबी रागात. अजून काय लपवलंयसा? आत्ता सांगा. मग मी त्या नळीत जायाचं का न्हाई ते ठरवते.”

पद्मल माझ्याकडं बघत होती. नाही, काही नाही, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. रजिस्टरात सगळं माझ्या बाजूनं होतं.

“कापराचा वास मला आला होता,” मी म्हणालो.

“कवा?”

“काल. तुमच्या मनगटाला तार बांधायला वाकलो तेव्हा. चांगला भपकन आला. खिळ्याला लावलेल्या माझ्या पुरचुंडीचा हाताला राहिला असेल, असं मी मनाला सांगितलं. खरं तर शंका आली होती. पण तुम्हाला परत पडद्यामागं पाठवायचं, परत तपासायचं, म्हणजे वीस मिनिटं गेली असती. पुढचे पेशंट थांबले होते. मी कंटाळा केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कंटाळा केला आणि आळ तुमच्यावर घातला.”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली.

“मग माज्यावर एवढं का वरडलासा?”

“माझी चूक होती म्हणूनच जास्त ओरडलो.”

त्यांनी मान हलवली.

“डोळा ऱ्हाईल का?”

“मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. पण आज आत गेलात तर थोडी मदत होईल. थोडीच.”

“हं,” त्या म्हणाल्या. “त्यांची पुरचुंडी टाकली न्हवं?”

“शोधून आणलीय. बाहेर खिळ्याला आहे. वर आलात की घेऊन जा.”

त्या उठल्या आणि फळीवर आडव्या झाल्या. मनगट माझ्यापुढं केलं.

डोळ्याचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव त्यात अडकेल. तिसऱ्या दिवशी स्कॅन झाला. बुरशी खोबणीच्या कडेवरच थांबली होती. पुढं आणखी वीस बैठका झाल्या, इंजेक्शनं झाली, एक ऑपरेशन झालं. डोळा राहिला. नजर थोडी धूसर आली, पण घुंगराइतपत आली. कशानं वाचला असं मी मॅडमना विचारलं होतं. “इंजेक्शननं, सुरीनं, ऑक्सिजननं, नशिबानं. हिशेब मांडता येत नाही, कुबल,” असं त्या म्हणाल्या. रजिस्टरातली ती ओळ मात्र मी दहाव्या बैठकीच्याच दिवशी खोडली आणि खाली खरं काय ते लिहिलं. मॅडमनी वाचलं, पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि यादीत पहिल्या ओळीत कापूर घातला. आज एवढ्या वर्षांनीही तो पहिलाच आहे.

तर दहावी बैठक. आम्ही चौदा मीटरवर पोचलो. त्या छताकडं बघत पडल्या होत्या. रडत नव्हत्या. पद्मल म्हणत होती, कालपासून एक टिपूस नाही.

“शालनताई, बोलता का काही?”

“आज माज्याजवळ बोलायला काय न्हाई. तुमी बोला.”

मग मी बोललो. एवढं मी हेमलतेशीही कधी बोललो नसेन. मालवणच्या समुद्राचं सांगितलं, पहिल्या बुडीला कसा घाबरलो ते सांगितलं, पाण्याखाली आवाज कुठून येतो ते कळत नाही हे सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. मी बारा मिनिटं घेऊन त्यांना अगदी हळू वर आणलं.

बाहेर आल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि थेट खिळ्यापाशी गेल्या. निळी पुरचुंडी काढून नाकाला लावली. डोळा मिटला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगली. शेजारची माझी काढली, ती हुंगली. परत निळी.

“ह्यो ओवा न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काय?” पद्मलनं विचारलं.

“तुमच्या पुरचुंडीत ओवा हाय. ह्यात न्हाई. ह्यात जिरं हाय.” त्यांनी ती पद्मलच्या नाकापुढं धरली. “बग. जिरंच हाय का न्हाई? डबा चुकला. ओव्याच्या जागी जिरं बांदलं त्यांनी. दीड म्हैना मी जिरं हुंगत बसले आनि मला कळलं न्हाई.”

पद्मलनं हुंगलं आणि मान डोलावली.

“तीस वर्सं माज्या हातचं खाल्लं,” शालनताई म्हणाल्या, “आनि ओवा कुटला, जिरं कुटलं, कळलं न्हाई ओ माणसाला.”

त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. मग आवाज फुटला. पदर नव्हता, म्हणून झग्याची बाही तोंडात धरली. पद्मल त्यांना कवेत घेऊन शेजारी बसली.

पुढचा पेशंट स्ट्रेचरवरून दारात आला होता. मी वॉर्डबॉयला म्हटलं, थांबा जरा, अजून वेळ आहे.